नाव कोणाचे, दगड कोणाचा?

पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागले की वाघोलीच्या आसपास दगडाच्या खाणी आहेत. तिथला दगड काळा. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत आपल्या पायांखाली आहे तोच. त्याची खडी होते, ती रस्त्यावर पडते, स्लॅबमध्ये जाते, आणि कोणी त्या दगडाकडे दुसऱ्यांदा बघत नाही. पण सुरुंग उडाला की कधीमधी एखादी पोकळी फुटते. आत पांढऱ्या स्फटिकांचा थर असतो आणि त्या थरावर निळ्या रंगाचे बारीक गोंडे बसलेले असतात. निळीची पुडी सांडावी तसा तो रंग. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतून हे निळे गोंडे काचेच्या कपाटात ठेवलेले आहेत आणि त्यांच्याखाली चिठ्ठी आहे : कॅव्हनसाइट, वाघोली, पुणे.

या नावात वाघोलीचे काही नाही. पुण्याचे नाही, महाराष्ट्राचे नाही, पोकळी फोडणाऱ्या हाताचे तर नाहीच. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या इंग्रजी आरंभाक्षरांची जुळणी करून ते तयार झाले. हे खनिज पहिल्यांदा 1967 साली अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात, ओवायही धरणाच्या परिसरात सापडले आणि 1973 साली तिथल्या तीन शास्त्रज्ञांनी त्याचे रीतसर वर्णन छापले. ऑरेगॉनमध्ये सापडलेले स्फटिक अगदी बारीक होते. वाघोलीत 1980 च्या दशकाच्या अखेरीस जे निघाले त्याच्यासमोर ते काहीच नव्हते. पण नियम असा की जो आधी ओळखील त्याने दिलेले नाव टिकते. मागून कोणी त्याहून हजारपट सुंदर नमुना आणला तरी नाव बदलत नाही.

नाशिकचीही तीच गोष्ट. सिन्नर-नाशिकच्या बाजूला निघणाऱ्या पॉवेलाइटचे पिवळे स्फटिक जगात उत्तम समजले जातात. ते नाव आहे जॉन वेस्ली पॉवेल या अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञाचे. 1891 मध्ये हे खनिज आयडाहोत ओळखले गेले तेव्हा पॉवेल तिकडच्या सरकारी भूगर्भ-खात्याचे प्रमुख होते. पांडवलेण्याच्या डोंगराजवळच्या खाणीत गूसक्रीकाइट नावाचे दुर्मिळ खनिज मिळाले. त्याच्या नावात व्हर्जिनियातला एक ओढा वाहतो. लेणी आमची, दगड आमचा आणि ओढा व्हर्जिनियाचा!

हे वाचून मनात पहिल्यांदा जी तक्रार उठते ती आम्ही दडपून ठेवणार नाही. ती अशी : हा अन्याय आहे. ज्याने घण मारला, ज्याने धुळीत डोळे फोडून घेतले, ज्याच्या गावात ती वस्तू कोट्यवधी वर्षे पडून होती, त्याच्याकडे नाव नाही. आणि ज्याने प्रयोगशाळेत बसून तिचा एक कण यंत्राखाली घातला, त्याच्याकडे नाव आहे. पण तक्रार मनात उठली म्हणून ती खरी ठरत नाही. तिची उलटतपासणी केली पाहिजे. आणि ही तपासणी दगडापुरती राहत नाही, कारण ज्याने केले तो आणि ज्याचे नाव झाले तो, या दोघांमधले अंतर आपण घरापासून दरबारापर्यंत सगळीकडे पाहत आलो आहोत.

आधी दुसऱ्या बाजूचे ऐकू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिले आणि पाण्यात विरघळलेले क्षार स्फटिक होऊन भिंतींवर बसले. यातल्या एका मोठ्या कुळाला झिओलाइट म्हणतात. हे नाव 1756 साली क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिले. त्याने दगड ज्योतीत धरला तेव्हा त्यातून पाणी उकळून फेस आला, म्हणून ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. स्टिल्बाइट म्हणजे चमकणारा. स्कोलेसाइट म्हणजे किड्यासारखा, कारण तापवला की तो अळीसारखा वळवळतो. अपोफिलाइट म्हणजे पानापानांनी सुटणारा. हे सगळे दगड आपल्या विहिरींतून आणि घाटांतून शेकडो वर्षे निघत आले. भोर घाटात रेल्वेचे बोगदे खणले गेले तेव्हा, 1850 च्या दशकात, असे दगड निघाले आणि विलायतेला गेले. आपल्याकडे या सगळ्यांना मिळून शब्द होता एकच : गारगोटी.

याचा अर्थ आपण आंधळे होतो असा नाही. माणूस नाव देतो ते गरजेपुरते. मुरूम, चुनखडी, शाडू, पाथरवटाला लागणारा दगड आणि जात्याला लागणारा दगड, या सगळ्यांना मराठीत बिनचूक शब्द आहेत, कारण त्यांचा उपयोग होता. अकीक, फिरोजा, याकूत, जमुर्रद यांना नावे होती, कारण त्यांना बाजारात दाम होता. पोकळीतल्या पांढऱ्या काड्यांचा ना उपयोग, ना दाम. ज्योतीत धरून हा दगड फेसाळतो का आणि तो शेजारचा वळवळतो का, हे विचारायला ज्या फुरसतीची गरज असते ती खडी फोडणाऱ्या वडाराला कोणी दिली नव्हती. तेव्हा ज्याने प्रश्न विचारला त्याने नाव दिले, एवढे कबूल करायला हवे. पाहणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या मेहनती आहेत.

आणि ओळखण्याची मेहनत थोडी नसते. 1959 सालापासून खनिजांच्या नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. नवे खनिज सापडल्याचा दावा करणाऱ्याला त्याची रासायनिक घडण दाखवावी लागते, अणूंची रचना दाखवावी लागते, आजवर नोंदलेल्या सहा हजारांहून अधिक खनिजांपैकी हे कोणतेच नाही हे पटवावे लागते. मग मतदान होते. मूळ नमुना एखाद्या संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला शंका आली तर साक्षीदार हजर आहे. या नियमांत एक नियम असा आहे की खनिजाचे वर्णन करणाऱ्याने त्याला स्वतःचे नाव द्यायचे नाही. जिवंत माणसाचे नाव द्यायचे असेल तर त्याची संमती घ्यायची. आपल्या बुजुर्गांनी आपल्याच तोंडाने आपली तारीफ करणाऱ्याबद्दल जे शिकवले, त्याच्याच जवळची ही गोष्ट. एका धर्मनिरपेक्ष वैज्ञानिक समितीने नफ्सला लगाम घालणारा नियम करावा, हे आम्हाला मोठे वाटते.

पुन्हा, दिलेले नाव कायमचे असते असेही नाही. आमच्या पुण्याच्या नावाचे एक खनिज होते. 1831 साली ब्रूक नावाच्या इंग्रजाने पुण्याकडून आलेल्या एका दगडाला 'पूनाहलाइट' म्हटले. पुढे तपास झाला तेव्हा तो आधीच ठाऊक असलेला मेसोलाइट निघाला आणि पूनाहलाइट यादीतून गेला. नागपूरच्या पाद्री हिस्लॉपच्या नावाचे 'हिस्लोपाइट' होते. तो हिरव्या मातीने रंगलेला साधा कॅल्साइट ठरला. छिंदवाड्याकडच्या सीतापार गावाचे नाव फर्मर या सरकारी भूगर्भशास्त्रज्ञाने एका मँगनीजच्या खनिजाला दिले, 'सीतापाराइट'. ते बिक्सबाइटच निघाले आणि गावाचे नाव पुसले जाऊन अमेरिकेतल्या एका दगडांच्या व्यापाऱ्याचे नाव राहिले. स्कॉटिश पाद्र्याचे नाव गेले, हिंदुस्थानी गावाचे गेले, दोन्ही एकाच नियमाने. नियम पक्षपाती असता तर पाद्री वाचला असता.

म्हणजे नाव ही मालमत्ता नाही, अमानत आहे. वस्तू जोवर साक्ष देते तोवर ती ठेवायची. सूरह बकरामध्ये हजरत आदम (अ.) यांना सर्व वस्तूंची नावे शिकवल्याचा प्रसंग आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. फरिश्त्यांना ती नावे सांगता आली नाहीत, आदमला आली. बायबलमधल्या प्रसंगात मात्र आदम स्वतः जनावरांना नावे देतो. आम्हाला या फरकावर थांबावेसे वाटते. एका ठिकाणी माणूस नाव ठेवणारा आहे, दुसऱ्या ठिकाणी नाव शिकणारा. मुफस्सिरांनी या नावांचा अर्थ लावताना मतभेद केले आहेत : कोणी म्हणतात साऱ्या वस्तूंची नावे, कोणी म्हणतात फरिश्त्यांची, कोणी म्हणतात आदमच्या संततीची. पण माणूस नावांचा मूळ मालक नाही, त्याला ती सोपवली गेली, एवढे सर्वांना मान्य. अशा दृष्टीने पाहिले तर ज्याने नाव दिले त्याने काही मिळवले असे होत नाही. त्याच्यावर जबाबदारी आली असे होते.

इथवर आमची तक्रार बरीच नरम पडली. तरी ती पूर्ण विझत नाही, आणि का विझत नाही ते सांगायला दोन जुनी माणसे मदतीला घेतो.

अल-बिरूनीने आयुष्याच्या उत्तरार्धात, गझनीचा सुलतान मौदूद याच्या काळात, रत्नांवर आणि धातूंवर एक ग्रंथ लिहिला, 'किताब अल-जमाहिर'. त्यात तो एकेका दगडाला अरबीत काय म्हणतात, फारसीत काय, हिंदुस्थानात काय, तो कोणत्या डोंगरातून येतो, बाजारात कितीला जातो, हे सगळे नोंदतो. याकूतचे वजन आणि त्याने बाजूला सारलेले पाणी यांची तुलना करून त्याने इतर दगडांचे सापेक्ष भार काढले. पाचू पाहिला की सापाचे डोळे फुटतात अशी समजूत होती. बिरूनीने सापाच्या गळ्यात पाचू बांधला, कित्येक महिने वाट पाहिली आणि काही होत नाही असे लिहून टाकले. (सापाचे कोणी विचारले नाही.) या गृहस्थाला खाणीवरचा माणूस काय म्हणतो हे ऐकायचा कंटाळा नव्हता. शास्त्र करायचे तर लोकांचे शब्द खोडलेच पाहिजेत, असे त्याने मानले नाही. आजही युरोपच्या भाषांत खनिजांचे जे शब्द आहेत त्यांत टाल्क हा अरबी तल्क आहे, रिआल्गार हा रहज-अल-गार, म्हणजे गुहेची भुकटी, आणि अझूर निळा हा आपला लाजवर्द. शब्द प्रवास करतात आणि वाटेत आपले घर विसरतात, ही गोष्ट दोन्ही दिशांनी घडली आहे.

दुसरा इब्न सीना. त्याची कहाणी या विषयात सगळ्यांत बोलकी आहे. 'किताब अश-शिफा'त त्याने डोंगर कसे होतात, दगड कसे घट्ट होतात यावर लिहिले आणि खनिजांचे चार वर्ग केले : दगड, वितळणारे धातू, गंधकासारखे जळणारे पदार्थ आणि क्षार. बाराव्या शतकाच्या अखेरीस या भागाचा लॅटिन अनुवाद झाला आणि तो अॅरिस्टॉटलच्या एका ग्रंथाच्या शेपटाला जोडला गेला. मग युरोपात पिढ्यान् पिढ्या लोक तो अॅरिस्टॉटलचा म्हणून वाचत राहिले. दगडांविषयी लिहिणाऱ्याचे नाव त्याच्या दगडांच्या पुस्तकावरून असे गेले. आणि 1958 साली समरकंदजवळ सापडलेल्या थॅलियमच्या एका काळ्या खनिजाला सोव्हिएत शास्त्रज्ञांनी नाव दिले 'अव्हिसेनाइट'. अव्हिसेना म्हणजे लॅटिन तोंडाने मोडलेला इब्न सीना. थॅलियम हा जहाल विषारी धातू, आणि नाव कोणाचे? ज्याच्या वैद्यकाच्या ग्रंथावर शतकानुशतके जग बरे झाले त्याचे. नाव देणाऱ्यांची नियत नेक होती यात शंका नाही. बुखाऱ्याच्या सुपुत्राचा त्यांना अभिमान होता. पण विचार करा. त्याचे केलेले काम दुसऱ्याच्या नावावर जमा झाले, आणि ज्या वस्तूशी त्याचा संबंध नव्हता तिला त्याचे नाव मिळाले. पहिल्या नुकसानीची भरपाई दुसऱ्या बहुमानाने झाली का?

आमच्या मते नाही. भरपाई झाली ती ज्या दिवशी विद्वानांनी त्या लॅटिन पानांवर पुन्हा त्याचे नाव लिहिले त्या दिवशी. नाव देणे ही एक गोष्ट आहे आणि केल्याची नोंद करणे ही दुसरी. पहिली मेहरबानी आहे, दुसरी हक्क आहे. वाघोलीच्या मजुराविषयीची आमची तक्रार 'त्याचे नाव खनिजाला का नाही' अशी मांडली की ती कच्ची पडते. 'त्याने केलेल्या कामाची नोंद का नाही' अशी मांडली की तिला उत्तर देणे अवघड होते.

गोऱ्या साहेबांनी लोकांची नावे दगडांना दिलीच नाहीत असेही नाही. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातल्या मँगनीजयुक्त खडकाला फर्मरने गोंडांवरून 'गोंडाइट' म्हटले. पूर्व घाटातल्या एका खडकाला 1902 मध्ये खोंड आदिवासींवरून 'खोंडालाइट' नाव पडले. मँगनीज गाडीत भरून गेले, बंदराला लागले, आणि गोंडांकडे नाव राहिले. तेही त्यांना कोणी कळवले असेल असे वाटत नाही. दाम बुडवायचा असेल तेव्हा नाव देणे फार स्वस्त पडते. फिकहच्या ग्रंथांत खाणीतून निघालेल्या मालावर सरकारचा वाटा किती, जमीनमालकाचा किती, काढणाऱ्याचा किती, यावर इमामांमध्ये बारकाईने मतभेद झाले आहेत. नावाचा वाटा कोणी काढलेला नाही. त्यांना ठाऊक होते की पोट कशाने भरते.

पण 'शोधणारा' म्हणजे नक्की कोण, हा प्रश्नही सोपा नाही. टांझानियाचे उदाहरण घेऊ. 1967 साली किलिमांजारोच्या परिसरात मेरेरानी येथे एक निळा-जांभळा पारदर्शक दगड मिळाला. जुमाने न्गोमा नावाच्या तिथल्या माणसाचे म्हणणे होते की त्या वर्षाच्या जानेवारीत तो त्याला पहिल्यांदा सापडला. त्याच वर्षी जुलैमध्ये खाणीचा दावा रीतसर नोंदवला तो मॅन्युएल डिसूझा या गृहस्थाने. हा आपल्या गोव्याकडचा, व्यवसायाने शिंपी, आणि नाद माणके शोधण्याचा. तपासणीत तो दगड झोइसाइट या खनिजाचा नवा प्रकार ठरला. झोइसाइट हे नाव 1805 सालचे, लुब्लियानाच्या झिगमुंड झोइस या धनवान सरदाराचे. त्याला तो दगड एका व्यापाऱ्याने आणून दिला होता. मग न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने तो विकायला घेतला. 'ब्लू झोइसाइट' हे इंग्रजीत उच्चारले की आत्महत्येच्या शब्दासारखे ऐकू येते, असे नाव दागिन्याला कसे चालणार? 1968 मध्ये त्यांनी 'तांझानाइट' असे नाव काढले आणि सगळ्या जगाने ते उचलले.

एक दगड, आणि त्याभोवती इतके लोक. न्गोमाने पाहिला, डिसूझाने कागद केला, टिफनीने शब्द दिला, दीडशे वर्षांपूर्वीचा झोइस काही न करता आत बसलेलाच आहे. आणि त्या माळावर त्याआधीपासून गुरे चारणाऱ्या मसाई लोकांच्या नजरेला तो कधीच पडला नसेल असे कोण म्हणेल? यात डिसूझाला चोर म्हणायची आमची तयारी नाही. कागद करणे हेही काम आहे, परक्या मुलखात शिंप्याने ते करणे तर धाडसाचे. पण कागद करता येणे ही ताकद सगळ्यांना सारखी मिळालेली नसते, आणि ज्याला ती मिळते त्याच्या मागे उभा असलेला माणूस कागदावर दिसत नाही. न्गोमाला 2018 साली टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे मान दिला आणि दहा कोटी शिलिंग देऊ केले. एक्कावन्न वर्षांनी! पुढच्याच वर्षी तो वारला. या हिशेबात त्याला खनिजाचे नाव कोणी दिले नाही, त्याने मागितल्याचेही ऐकिवात नाही. 'मी पाहिला' एवढे मानले जावे, ही त्याची मागणी होती.

दुर्मिळपणाचेही असेच. ब्रह्मदेशातल्या मोगोक खोऱ्यात 1950 च्या दशकात मिळालेले पेनाइट कित्येक वर्षे जगातले सर्वांत दुर्मिळ खनिज समजले जाई, कारण त्याचे दोन-तीनच स्फटिक ठाऊक होते. नाव पेन या इंग्रज रत्नसंग्राहकाचे. या शतकाच्या सुरुवातीला लोकांनी त्याच खोऱ्यात नीट शोधले तेव्हा ढिगाने तुकडे निघाले. त्याच मुलखातल्या क्यॉथुआइटचा मात्र आजवर एकच खडा माहीत आहे, वजन दीड कॅरटच्या किंचित वर. तो बाजारात विकत मिळाला होता. नाव ब्रह्मी भूगर्भशास्त्रज्ञाचे आहे, म्हणजे निदान त्या मातीतल्या माणसाचे, ही समाधानाची गोष्ट. पण ज्या हाताने तो वाळूतून वेचला तो हात कोणाचा, हे कुठल्याही चिठ्ठीवर नाही. सारे जग शोधूनही ज्याचा दुसरा मिळत नाही, त्याचा पहिला कोणी दिला ते कोणी विचारून ठेवले नाही.

आम्ही चिठ्ठीविषयी वारंवार बोलतो आहोत, कारण नमुन्यांच्या दुनियेत खरे मोल तिथे आहे. दगडामागे एक बारीक क्रमांक रंगवलेला असतो आणि सोबत कागदाची चिठ्ठी : काय, कुठले, कधी, कोणाकडून. नमुना एका संग्रहातून दुसऱ्या संग्रहात गेला की नवा मालक आपली चिठ्ठी लिहितो, पण जुनी फेकत नाही. एकेका दगडामागे अशा चार-पाच चिठ्ठ्यांची गड्डी जमते. चिठ्ठी हरवलेला दगड कितीही देखणा असला तरी शास्त्राच्या दृष्टीने मुका. हे पाहिले की आपल्या वाचकाला काय आठवावे ते आम्ही सांगायला नको. हदीसच्या शास्त्रात मजकुराआधी इस्नाद तपासली जाते : हे कोणी कोणाकडून ऐकले, रावी सच्चा होता का, दोघांची भेट शक्य होती का, साखळीत कुठे कडी तुटली आहे का. नमुन्यांचे जाणकारही हेच विचारतात. आणि इथेही खोटे रावी आहेत. व्यापारी खाणीचे खरे नाव लपवतो, म्हणजे दुसरा तिथे पोचू नये. जळगावचा माल नाशिकचा म्हणून जातो. जुन्या काळी तर दख्खनमधून आलेल्या वाटेल त्या दगडावर 'पूना' लिहून मोकळे होत.

या चिठ्ठ्यांत राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचे नाव दूरदूरच्या देशांत पोचले आहे, तिथल्या अपोफिलाइट आणि ह्यूलँडाइटमुळे. तो नगर जिल्ह्यातला. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, त्याआधी 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. संग्राहक यापुढच्या नमुन्यांवर नवी नावे लिहितील, ती लिहिलीच पाहिजेत, नाहीतर ठिकाण सापडणार नाही. पण जुन्या चिठ्ठीवरचे 'अहमदनगर' खोडून त्यावर नवे लिहिणारा माणूस त्या धंद्यात अडाणी समजला जातो. त्याने कडी तोडली म्हणतात.

तर मग आमचे म्हणणे काय? चिठ्ठीवर एक ओळ वाढवावी : 'काढणारा'. खनिजाचे नाव ज्याने ओळखले त्याने ठेवावे, आमची हरकत नाही. ठिकाणाचे नाव लिहिले जातेच. तिसरी ओळ ज्याच्या हाताने तो दगड अखंड बाहेर आला त्याची असावी. कॅव्हनसाइटचे गोंडे इतके नाजूक असतात की घणाचा एक धक्का चुकला तर हातात निळी भुकटी येते. तेव्हा अखंड नमुना हे काही नशिबाचे देणे नव्हे, ते कसब आहे. शिल्पावर पाथरवटाचे नाव नसते याचे आपण दुःख करतो. इथे तर माणूस जिवंत आहे, विचारले तर नाव सांगेल.

या मागणीवर एक आक्षेप आहे आणि तो बळकट आहे. काढणाऱ्याला आपले नाव लिहून हवे असेल असे तुम्ही कशावरून धरता? खाणीचा परवाना खडीचा असतो. पोकळीतली वस्तू कोणाची, यावर मालक, ठेकेदार आणि मजूर यांचे एकमत नसते. दुपारच्या सुट्टीत फडक्यात गुंडाळून बाहेर नेलेल्या दगडावर ज्याचे नाव लिहाल, त्याची रोजी जाईल. त्याला नाव नको आहे, त्याला वाजवी भाव हवा आहे. दगड परदेशात कितीला गेला हे कळायला हवे आहे. आम्ही हा आक्षेप मानतो, आणि म्हणून ओळ कोरी सोडण्याचा हक्कही त्याचाच असला पाहिजे असे म्हणतो. जिवंत माणसाचे नाव त्याच्या संमतीखेरीज द्यायचे नाही, हा नियम त्या आयोगाने केलाच आहे. तोच खाणीवर आणावा. विचारावे, आणि तो नको म्हणाला तर नको. आज चिठ्ठीवर त्याचे नाव नाही ते त्याने नको म्हटले म्हणून नाही. त्याला कोणी विचारलेलेच नाही.

आणि भावाचे म्हणाल, तर 2020 साली त्याच मेरेरानीत लायझर नावाच्या एका छोट्या खाणवाल्याला तांझानाइटचे दोन प्रचंड खडे मिळाले, नऊ किलोचा एक आणि पाच किलोचा एक. सरकारने ते सातशे कोटींहून अधिक शिलिंगांना विकत घेतले. त्याचे नाव आणि फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. तिथे खाणींवर नोंद ठेवायची व्यवस्था झाली होती, खरेदी सरकारी केंद्रावर होत होती, म्हणून नाव आणि दाम दोन्ही एकाच माणसाकडे पोचले. आपल्याकडे पुणे शहर वाढत वाघोलीपर्यंत आले आहे, खाणींच्या आसपास इमारती उठल्या आहेत, आणि ज्यांनी त्या पोकळ्या फोडल्या त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना अजून विचारता येईल.